संकल्पनाचा पहिला पाठ



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी या परिसरातील कामगारांच्या मुलांना मराठीतून गणित आणि विज्ञान शिकविले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात अवकाशयाने किंवा अणुशक्ती असा एखादा भव्य विषय घ्यावा, असे प्रथम मनात आले होते. परंतु भेस्तानच्या शाळेत बोलायचे तर भेस्तानातील माणसाच्या हाताशी असलेल्या गोष्टीविषयी बोलावे, हे मला अधिक योग्य वाटले. सुरत परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी काही वर्षे संकल्पन हा विषय शिकवीत असे. त्या वर्गातील विद्यार्थ्यांचे प्रकल्प कसे घडतात, त्यांतून ते काय शिकतात आणि त्याचा शाळेशी काय संबंध आहे, हे आज आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे.

उधना आणि सचिन यांच्यामधले भेस्तान हे तसे लहान रेल्वेस्थानक. परंतु या पट्ट्यातील यंत्रमागांनी आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी किती प्रांतांतील माणसे एकत्र आणली, हे आपण रोज पाहतो. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे येथे आली. आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे उधना–जळगाव मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून आली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषांत येथील मूल वाढते. ते अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात बसते तेव्हा पाचवी भाषा समोर येते आणि आपल्याला काहीच येत नाही, असे त्याला वाटू लागते. ते वाटणे कितपत खरे आहे, हा या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘डिझाइन’ या शब्दासाठी मराठीत संकल्पन, अभिकल्प, आराखडा असे प्रतिशब्द वापरले जातात. साडीच्या काठावरील नक्षीलाही आपण डिझाइनच म्हणतो. अभियांत्रिकीत या शब्दाचा अर्थ असा : एखादी गरज ओळखणे, ती भागविणारी वस्तू किंवा रचना मनात योजणे, ती कागदावर उतरविणे, करून पाहणे आणि उपयोगी पडेपर्यंत सुधारणे. पाठ्यपुस्तकातील गणिताला बहुधा एकच उत्तर असते व ते शेवटच्या पानावर छापलेले असते. संकल्पनाच्या प्रश्नाला अनेक उत्तरे असतात. त्यांतील कोणतेही निर्दोष नसते आणि कोणते बरे हे वापरणारा माणूस ठरवितो. बारा वर्षे एकाच उत्तराची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हा बदल फार जड जातो.

हाताने करून शिकण्याचा हा विचार आपल्याकडे परका नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराज गायकवाड यांनी बडोद्यास कलाभवन स्थापन केले. त्याची घडण ज्यांनी केली ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, सुतार समाजात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. तंत्रशिक्षण देशी भाषांतून दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. पुढे या संस्थेचे रूपांतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील तंत्रज्ञान विद्याशाखेत झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रकला शिकण्यास मुंबईला गेलेल्या या तरुणाला रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. तो यांत्रिक रेखनाकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिकवू लागला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली. नांगर ओतणे ही अडचण एक होती आणि तो वापरणाऱ्याच्या मनात उतरविणे ही दुसरी. संकल्पनाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही अडचणी सोडवाव्या लागतात.

परदेशात या वर्गाला आजचे रूप आले त्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा वाटा मोठा आहे. १९७० नंतरच्या दशकात ते प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ वस्तूंची एक पेटी देत आणि तेवढ्यातून ठरावीक काम करणारे यंत्र बनवावयास सांगत. सामान सर्वांना सारखे, काम सारखे, पण यंत्रे मात्र निरनिराळी. आपल्याकडे २००७ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१० नंतरच्या दशकात ‘डिझाइन इंजिनीअरिंग’ हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आणला. प्रत्यक्ष जागेवर जाऊन निरीक्षण करावे, वापरणाऱ्याचे सुखदुःख समजून घ्यावे, कल्पना मोठ्या तक्त्यावर मांडाव्यात आणि मग वस्तू घडवावी, असा त्याचा क्रम होता.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी व्याख्यान नसे. पाच-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला वर्तमानपत्राची दहा पाने व थोडी चिकटपट्टी देऊन, वर पाण्याची भरलेली बाटली पेलेल असा उंच मनोरा उभारण्यास मी सांगत असे. हुशार गणले गेलेले गट अर्धा वेळ चर्चेत घालवीत आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचा मनोरा वाकत असे. ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी उभे करून पाडलेले असे, त्यांचा मनोरा बहुधा टिके. सपाट कागद वाकतो, पण त्याचीच गुंडाळी करून नळी केली की ती भार पेलते. तीन नळ्या तिरप्या जोडल्या की त्या एकमेकींना आधार देतात. हे ज्ञान त्यांना पुस्तकात पुढे भेटणारच असते. ते आधी हाताला कळले की पुस्तकातील समीकरण ओळखीचे वाटते.

यानंतर खरा प्रकल्प सुरू होई. त्यातील पायऱ्या मी एका उदाहरणाने सांगतो.

पहिली पायरी पाहण्याची. एक गट यंत्रमागाच्या खात्यात गेला. तेथे त्यांचे लक्ष मागाकडे न जाता कोपऱ्यात बसलेल्या एका कारागिराकडे गेले. मागावर नव्या जातीचे कापड लावायचे असते तेव्हा बीमवरील ताण्याची प्रत्येक तार वहीच्या डोळ्यातून आणि नंतर फणीच्या दातांमधून आकड्याने ओढून घ्यावी लागते. इचलकरंजीकडे या कामाला वहिफणी म्हणतात. तारा काही हजार असतात आणि एक तार चुकली तर कापडात उभी रेघ दिसते. हा कारागीर उपड्या खोक्यावर वाकून बसला होता. डोक्यावरच्या दिव्याचा प्रकाश त्याच्याच मस्तकाने अडला होता आणि नेमकी तारांवर त्याची सावली पडत होती.

या गटातील एक विद्यार्थी वर्गात फारसा बोलत नसे. त्याचे वडील हेच काम करीत होते. प्रवेशअर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने केवळ ‘नोकरी’ असे लिहिले होते. खात्यात गेल्यावर मात्र वही, फणी, बीम, कांडी, धोटा हे सारे शब्द त्यालाच ठाऊक होते. कारागिराशी कोणत्या वेळी बोलावे आणि कोणत्या वेळी त्याचे लक्ष मोडू नये, हेही त्यालाच कळत होते. गटातील इतर चौघे त्याला विचारून लिहून घेऊ लागले. जे घरचे ज्ञान तो लपवीत होता तेच प्रकल्पाचे भांडवल ठरले.

दुसरी पायरी तक्रारीचे मापात रूपांतर करण्याची. ‘पाठ दुखते’ आणि ‘नीट दिसत नाही’ या दोन तक्रारी झाल्या. त्यांवर काम करायचे तर बैठकीची उंची किती, वहीचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर, कारागीर किती वेळाने बाजूला सरकतो, दोन मागांमधील वाट किती रुंद, हे मोजावे लागते. प्रकाशाबाबत गटाची पहिली सूचना छताला आणखी एक मोठा दिवा लावण्याची होती. मी त्यांना शाळेत शिकलेला वर्गव्यस्ताचा नियम आठवावयास सांगितले. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की प्रकाशाची तीव्रता सुमारे चौपट होते. १२० सेंटिमीटरवरचा दिवा ६० सेंटिमीटरवर आणला तर तोच दिवा चार दिव्यांचे काम करतो. शिवाय तो डोक्याच्या मागे न ठेवता पुढे बाजूला ठेवला तर सावलीही पडत नाही. मोठ्या दिव्याऐवजी वाकणाऱ्या दांड्यावरचा लहान दिवा पुरेसा ठरला. दहावीला पाठ केलेला नियम त्या दिवशी प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडला, असे एका विद्यार्थिनीने आपल्या वहीत लिहिले.

तिसरी पायरी पर्याय मांडून त्यांची तुलना करण्याची. बैठकीसाठी तीन पर्याय पुढे आले : साधे लाकडी स्टूल, आट्यांवर वर-खाली होणारे लोखंडी स्टूल आणि चाकांची बुटकी बैठक. कसोट्या चार ठरल्या आणि त्यांना महत्त्वानुसार भार दिले : बाजूला सरकण्याची सोय ३, किंमत ३, उंची बदलण्याची सोय २, गल्लीतल्या गल्लीत दुरुस्ती २. प्रत्येक कसोटीवर पाचपैकी गुण देऊन ते भाराने गुणावयाचे. लाकडी स्टुलाला सरकण्यासाठी २, किमतीसाठी ५, उंचीसाठी १ आणि दुरुस्तीसाठी ५ गुण मिळाले. बेरीज ६, १५, २ आणि १० मिळून ३३. लोखंडी स्टुलाची बेरीज २३ झाली. चाकांच्या बैठकीला ५, ३, २ आणि ३ गुण, म्हणजे १५, ९, ४ आणि ६ मिळून ३४. गटाने चाकांची बैठक विजयी ठरविली. परंतु ३३ आणि ३४ यांतील एका गुणाच्या फरकावर निर्णय करता येत नाही, कारण ते गुण अंदाजाने दिलेले असतात. तक्त्याचा खरा उपयोग वाईट पर्याय गाळण्याचा आणि आपण कशाला महत्त्व देतो हे उघड लिहून ठेवण्याचा.

चौथी पायरी कच्चा नमुना करून तो वापरणाऱ्याच्या हाती देण्याची. दोन्ही नमुने खात्यात गेले. चाकांमध्ये अर्ध्या दिवसात सुताचे धागे गुंतले, आणि आकडा ओढताना बैठक मागे सरकू लागली. लाकडी स्टूल स्थिर होते, पण बीमच्या रुंदीभर सरकताना ते सारखे उचलावे लागे. कारागीर मुलांना म्हणाला, “भाऊ, आम्हाला तारांवर पैसे मिळतात, बसण्यावर नाही. उठावे लागले की मजुरी गेली.” मग त्यानेच सुचविले की स्टुलाऐवजी लांब बाकडे करा, बाकडे जागेवर राहील आणि माणूस त्यावर सरकेल. मुलांनी त्यात आपली भर घातली. बाकड्याऐवजी त्यांनी २२ आणि ३० सेंटिमीटर बाजूंची लांब पेटी केली. ती एका अंगावर ठेवली की उंची २२, दुसऱ्या अंगावर ठेवली की ३०. काम झाले की पेटी भिंतीशी उभी करावयाची, म्हणजे वाट मोकळी. आटे नाहीत, चाके नाहीत, कोणत्याही सुताराकडून होणारे काम. तक्त्यातील तिन्ही पर्यायांत हे उत्तर नव्हते. परंतु तक्ता झाला नसता तर सरकणे आणि किंमत हेच खरे प्रश्न आहेत, हेही समजले नसते.

कारागिराचे ते वाक्य मी पुढील प्रत्येक वर्षी वर्गात सांगत आलो, कारण सुरतेतील अनेक प्रकल्पांचे यशापयश त्यात साठले आहे. दुसऱ्या एका गटाने मागावरून उडणाऱ्या धोट्यापासून बचाव करणारी जाळी केली होती. यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा असावा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातही सांगितले होते. मुलांची जाळी भक्कम होती, पण कांडी संपली की धोट्यात नवी भरण्यासाठी दर वेळी ती उचलावी लागे. साध्या मागावर हे काम दर काही मिनिटांनी करावे लागते. एका माणसाकडे अनेक माग, आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. अशी जाळी दोन दिवसांत काढून कोपऱ्यात ठेवली जाते आणि मग ‘कामगारच निष्काळजी’ असे म्हटले जाते. वस्तुतः मजुरीची पद्धत हीसुद्धा संकल्पनाची एक अट आहे. ती न मोजता केलेली सुरक्षितता कागदावरच राहते. त्या गटाने पुढे धोट्याच्या मार्गाच्या दोन्ही टोकांना स्थिर आडोसे योजले, ज्यांना कांडी भरताना हात लावावा लागत नाही.

मागाचा विषय निघाला आहे तर जपानच्या साकिची टोयोडा यांचे स्मरण करणे उचित होईल. १८६७ साली एका सुताराच्या घरी जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर माग सुधारण्याचे काम केले. तार तुटली की आपोआप थांबणारा माग ही त्यांची मोठी देणगी. माग आपण होऊन थांबतो म्हटल्यावर त्यावर सतत डोळा ठेवण्याची गरज उरली नाही आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. १९२४ मध्ये त्यांचा पूर्ण स्वयंचलित माग आला. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले आणि त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी पुढे मोटारनिर्मितीत पाऊल टाकले. ही कथा ऐकल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एक माणूस अनेक माग सांभाळू लागला तर बाकीच्यांचे काय झाले?” हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात बसत नाही आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. परंतु ज्याचे वडील मागावर आहेत त्या मुलालाच तो प्रथम सुचतो. असे विद्यार्थी संकल्पनाच्या वर्गात नसतील, तर हा प्रश्न विचारलाच जाणार नाही.

येथे एका विपरीत प्रथेचाही उल्लेख केला पाहिजे. शहरोशहरी तयार प्रकल्प विकत मिळतात. चकचकीत नमुना आणि बांधलेला अहवाल असे दोन्ही एकाच दुकानात. म्हणून मी अंतिम वस्तूपेक्षा विद्यार्थ्याच्या रोजच्या वहीला अधिक गुण देत असे. वहीत खोडलेली रेखाटने, चुकलेली मापे, कारागिराची वाक्ये आणि बदललेले निर्णय तारखांसह असले पाहिजेत. नमुना विकत आणता येतो. चार महिन्यांची खाडाखोड विकत आणणे अवघड.

आता शाळेकडे वळतो. हा पाठ अठराव्या वर्षीच का सुरू व्हावा? पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून आणि मुंबईत औद्योगिक संशोधनात अनेक वर्षे घालवून ते या दुष्काळी गावात आले. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार शाखांतून मुलांनी गावाला उपयोगी पडणारी कामे करावीत आणि त्यांतून विज्ञान शिकावे, ही त्यांची पद्धत. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत गेला. शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस हातात हत्यारे घेऊ लागली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही या शतकाच्या पहिल्या दशकात माध्यमिक वयाच्या मुलांबरोबर असे प्रयोग केले. मुलांनी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि कळसूत्री बाहुल्या यांचे आराखडे आधी कागदावर काढले आणि मग त्या वस्तू घडविल्या. या प्रयोगांत शहरी इंग्रजी माध्यमाची मुले होती, तशीच शहरी व ग्रामीण मराठी माध्यमाचीही होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दहा दिवसांचे काय करावे असा प्रश्न शाळांना पडला असेल, तर भेस्तानच्या शाळेला तो पडू नये.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक भक्कम टेबल, करवत, हातोडी, पकड, मोजपट्टी, वजनकाटा, पुठ्ठा आणि सुतळी एवढ्यावर आरंभ होतो. पहिल्या वर्षी मुलांनी शाळेतीलच प्रश्न घ्यावेत : पाण्याच्या टाकीखाली साचणारा चिखल, पहिलीच्या मुलांना न पोहोचणारी तोटी, दाराशी होणारी चपलांची गर्दी. दुसऱ्या वर्षी त्यांनी घरातील प्रश्न आणावेत. आईवडिलांना शाळेत बोलवावे ते केवळ गुणपत्रक दाखविण्यासाठी बोलवू नये. सुतार, वायरमन, जॉबर, वहिफणीचे कारागीर, शिवणकाम करणाऱ्या माता यांना एक तास वर्गापुढे आपले काम सांगण्यास बोलवावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत, कार्यालयांत, महाविद्यालयांत आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार या टेबलासाठी द्यावा. देणगीपेक्षाही त्याची गरज अधिक आहे.

आरंभी जो प्रश्न मांडला त्याचे उत्तर आता देता येईल. येथील मुलाला काहीच येत नाही, हे खरे नाही. त्याला जे येते ते विचारणारा वर्ग त्याला बारा वर्षांत भेटत नाही. इंग्रजी शब्द दोन वर्षांत शिकता येतात. तार तुटल्याचा आवाज ओळखणारा कान, हातातील वस्तूचे वजन ओळखणारा तळवा आणि मजुराच्या एका मिनिटाची किंमत जाणणारे मन मात्र कोणत्याही महाविद्यालयात नव्याने घडविता येत नाही. ते या वस्तीत आधीच घडलेले आहे. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ असे मोघम न लिहिता ‘वहिफणी कारागीर’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिण्याइतका विश्वास जी शाळा मुलाला देईल, तिने अभियंता घडविण्याचे निम्मे काम केले असे मी समजेन.